फट भरण्याआधी

नमस्कार. पुटीबद्दल मी आज अगदी शेवटी बोलणार आहे, आणि तेही थोडंच. प्लास्टिकच्या मॉडेल किटचे दोन भाग नीट बसले नाहीत की आपला हात आधी पुटीच्या ट्यूबकडे जातो. पण फट जिथे दिसते, तिथेच तिचं कारण असतं असं नाही. बहुतेक वेळा ते आपण आधीच चिकटवून बंद केलेलं असतं.

१/७२चं, म्हणजे खऱ्यापेक्षा ७२ पट लहान, मिग-२१ हे लढाऊ विमान घेऊ. ही विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरलाही बांधली गेली, तेव्हा हे किट कधी ना कधी हातात येणारच. धडाचे दोन अर्धे जोडले, पंख लावायला घेतला आणि मुळाशी अर्ध्या मिलिमीटरची फट. एवढंसं काय त्यात? ७२ने गुणा. खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटर होते. दोन बोटं सहज आत जातील!

आता पंख बाजूला ठेवा आणि धड बघा. कॉकपिटचा डबा, पुढच्या चाकाची खोबण, मागची नळी हे सगळं त्या पोटात बसवायचं असतं. डबा केसभर रुंद झाला की धड फाकतं. ते दाबून चिकटवलंत तर ताण आतच राहतो आणि रंग दिल्यावर कधीतरी सांधा उलतो. अशा वेळी डब्याच्या बाजू घासायच्या. जोडाच्या कडांवर रंग चढला असेल तर तोही खरवडायचा, कारण रंगाला जाडी असते आणि त्यावर सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, धरत नाही.

उलटही होतं. पंखाच्या जागी आतून आधार नसला तर धड चेपतं. मग स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात तिचा, एक तुकडा धडात आडवा ठोकायचा. तो थोडा लांबच कापा आणि कानशीने कमी करत आणा. घासा, बसवा, टेप लावून पंख टेकवून बघा, काढा, पुन्हा घासा. कंटाळवाणं काम आहे खरं. पण एक घासणी जास्त झाली की तुकडा सैल, आणि न घासता रेटला की पाठीवरचा सांधा उघडतो.

एक मोह टाळा. पंख जरा वर उचलला की फट मिटते, पण मिगचे पंख टोकाकडे दोन अंश खाली झुकलेले असतात. विमान समोरून बघितलं की ती चूक लगेच दिसते, त्यापेक्षा फट परवडली. पंख बरोबर कोनात ठेवून उरलेल्या जागेत पाव मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटची पट्टी सरकवा आणि पातळ सिमेंट सोडा. पट्टी पंखाशी एकजीव होते आणि त्याच्यासारखीच घासली जाते.

एवढं करूनही केसासारखी रेघ उरली तर पुटी लावा. ती सुकताना आक्रसते, म्हणून घाई नको. सुपरग्लूने भरणार असाल तर उलट घाई हवी. त्याच दिवशी घासा, नाहीतर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि पॉलिश पेपर शेजारचंच प्लास्टिक खातो.

कॅनपीजवळ, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाजवळ, मात्र सुपरग्लू नेऊ नका. त्याच्या वाफेने काच पांढुरकी पडते. तिथे पांढरा फेविकॉल वापरा. कडेची फटही त्यानेच भरा आणि जास्तीचा ओल्या इअरबडने पुसून घ्या, म्हणजे काचेशेजारी घासायची वेळच येत नाही.