टायर बाजूनं नाही, मागून बघा

नमस्कार, श्रोतेहो.

मोटरसायकलचा टायर संपलाय हे आपल्याला बहुतेक वेळा पाऊस सांगतो. मलाही पावसानंच सांगितलं. रोजचं वळण, रोजचाच वेग, नुकती भुरभुर सुरू झालेली. मागचं चाक एकदम बाजूला सरकलं आणि मी रस्त्यावर. खरचटण्यावर निभावलं. घरी येऊन टायर पाहिला, तर कडेची नक्षी शाबूत! मग गाडीच्या मागे उकिडवा बसलो, आणि पोटात धस्स झालं. मधला पट्टा पार गोटा झाला होता. कित्येक महिने मी तो टायर उभ्यानं, बाजूनं बघत होतो आणि 'चालेल अजून' म्हणत होतो.

असं का होतं? आपण जास्तीत जास्त वेळ गाडी सरळ चालवतो. इंजिनाची ओढ मागच्या चाकावर येते, त्यामुळे त्याचा मधला भाग आधी झिजतो. कडा फक्त गाडी कलली तरच रस्त्याला लागतात, म्हणून त्या नव्यासारख्या दिसतात. मधला भाग झिजून सपाट झाला की टायरची गोलाई जाते. मग गाडी वळताना आधी अडखळते आणि नंतर एकदम कलते. पण हे इतकं हळूहळू होतं की आपल्या हाताला त्याची सवय होऊन जाते.

आणखी एक गोष्ट फसवते, ती म्हणजे कोरडा रस्ता. कोरड्या डांबरावर गुळगुळीत रबरही छान पकड घेतं. शर्यतीच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर बिनखाचांच्या टायरवरच धावतात. खाचा असतात त्या पाण्यासाठी. टायर आणि रस्ता यांची भेट होते ती जागा जेमतेम तळहाताएवढी. त्या जागेतलं पाणी खाचांमधून बाहेर फेकलं गेलं, तरच रबर रस्त्याला टेकतं. खाच उथळ झाली की पाणी तिथंच राहतं आणि चाक पाण्यावर तरंगू लागतं. म्हणून उन्हाळाभर बिनतक्रार चाललेला टायर पहिल्या सरीला दगा देतो.

मग ओळखायचं कसं? टायरच्या बाजूला, कडेजवळ, एक छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं शोधा. तिथून सरळ वर खाचेत बोट न्या. खाचेच्या तळाशी रबराचा बारीकसा उंचवटा लागेल. त्याची उंची साधारण ०.८ मिलिमीटर असते. आजूबाजूची नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली, की टायर संपला. 'अजून महिनाभर काढू' हा विचार तिथं करू नका. माझं मत विचाराल तर इतकी वाटही पाहू नका, पावसाळ्याच्या तोंडाशी तर नाहीच.

किती किलोमीटरनंतर बदलायचा, असं पुष्कळ जण विचारतात. असा एक आकडा नाही. रबर मऊ की कडक, मागे कोण बसतं, ब्रेक कसा मारता, हवा किती ठेवता, यावर सगळं अवलंबून आहे. हवा जास्त असेल तर मधला पट्टा लवकर जातो. कमी असेल तर टायर तापतो आणि कडा खराब होतात.

गाडी फारशी न वापरणाऱ्यांनी आता नीट ऐका. नक्षी भरपूर शिल्लक असूनही टायर म्हातारा होतो. ऊन, हवा आणि काळ यांनी रबर कडक होतं, खाचांच्या तळाशी आणि बाजूला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूला 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. समजा २३१९ लिहिलंय, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. एका बाजूला हे आकडे सापडले नाहीत, तर दुसऱ्या बाजूला बघा. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला तरी काढून टाका. बाजूला फुगवटा आला असेल, आतले धागे दिसत असतील किंवा बाजूची भिंत चिरली असेल, तर वय बघायचीही गरज नाही. त्या टायरवर गाडी चालवूच नका.

पुढच्या टायरला मात्र सगळेच विसरतात. तो सावकाश झिजतो, म्हणून मागचा दोनदा बदलला तरी पुढचा तोच असतो. पण ब्रेक मारताना बराचसा भार पुढे येतो, आणि पुढचं चाक सुटलं की गाडी सावरणं फार कठीण. त्यावरून हात फिरवा. नक्षीचे ठोकळे एका बाजूनं उंच, एका बाजूनं खोलगट लागले, तर तोही वेडावाकडा झिजतोय.

नवा टायर बसवताना बाणाची दिशा चाकाच्या फिरण्याशी जुळते का, हे स्वतः बघा. ट्यूब असेल तर तीही नवी घ्या. आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा, कारण नव्या टायरच्या रबराचा वरचा थर निसरडा असतो. तो थोडा घासला गेल्यावरच पकड येते. तोवर वळणावर गाडी फार कलवू नका, ब्रेक हलक्या हातानं दाबा.

नमस्कार.