काडतुसाच्या बुडावरची अक्षरं

(पडद्यावर काडतुसाचं बूड, अगदी जवळून)

हे बूड जेमतेम १२ मिलिमीटर रुंद आहे. मधोमध प्रायमरची, म्हणजे आतली दारू पेटवणाऱ्या भागाची, गोल टोपी, आणि तिच्याभोवती ठोकलेली अक्षरं आणि आकडे: ई, सी, ४३. अक्षरं कारखान्याची, आकडे सालाचे. अमेरिकेत इव्हान्सव्हिलला क्रायस्लरचा मोटारींचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तिथे मोटारी थांबल्या आणि .४५ पिस्तुलाची काडतुसं निघू लागली, तीही अब्जावधी. आता याला लोहचुंबक लावून बघू. चिकटला! पितळ असतं तर चिकटला नसता. युद्धात पितळासाठी लागणारं तांबं पुरेना, म्हणून पुंगळी, म्हणजे काडतुसाचं नळीसारखं कवच, पोलादाची केली. एका देशाची टंचाई अशी तळहातावर घेऊन बघता येते, आणि माझ्या मते जुनी काडतुसं जमवायचा छंद लागतो तो इथेच.

जुनी लष्करी काडतुसं जमवणारे सगळ्यात आधी बूड बघतात. तिथल्या शिक्क्याला ते हेडस्टॅम्प म्हणतात. जर्मनांनी कारखान्यांची नावं लपवायला अक्षरांचे सांकेतिक गट वापरले. सोव्हिएत कारखान्यांना क्रमांक असत, आणि १९५२ ते १९५६ या काळात सालाच्या जागीही रशियन अक्षर ठोकलं जाई. हे माहीत नसेल, तर सालाचा शिक्का समोर असूनही वाचता येत नाही.

गोळीच्या टोकावरचा रंगही बोलतो, पण जपून ऐकावा लागतो. सोव्हिएत काडतुसाचं हिरवं टोक म्हणजे ट्रेसर, उडताना मागे उजेडाची रेघ सोडणारी गोळी. अमेरिकी ५.५६ मिलिमीटरचं हिरवं टोक म्हणजे आत पोलादाचा तुकडा असलेली नेहमीची गोळी. म्हणून आधी देश ओळखायचा, मग रंग.

(पुंगळीची मान. गोळी जिथे बसते तिथे पितळावर निळसर-तपकिरी छटा)

ही छटा नीट बघा. अनेकांना ती डाग वाटते आणि ते लगेच ब्रासो घेऊन बसतात. कृपा करून थांबा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं ठेवल्या जागी तडकत होती. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत पडून राही. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तर पुंगळ्यांच्या माना चिरलेल्या. हा उलगडा १९२१ मध्ये झाला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळावर काम करत होता, आणि गोळी घट्ट बसवण्यासाठी मान आवळताना धातूत जो ताण राहतो, नेमक्या त्या ठिकाणी चीर पडत होती. उपाय सोपा निघाला: मान तापवायची, म्हणजे ताण उतरतो. ती तापवल्याची खूण म्हणजे ही छटा. नागरी बाजारातल्या काडतुसांवरून ती बहुधा घासून काढतात, लष्करी काडतुसांवर राहू देतात. चकचकीत केलेलं जुनं काडतूस मला पान फाडलेल्या वहीसारखं वाटतं.

सरप्लस, म्हणजे लष्कराकडे उरलेली आणि विक्रीला आलेली, काडतुसं नेमबाजही घेतात. त्यांनी जुन्या प्रायमरचा स्वभाव ओळखून असावं. त्यातल्या पोटॅशियम क्लोरेटपासून बार उडाल्यावर क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजवतो. नुसत्या तेलाने तो जात नाही, आधी पाण्याने धुवावा लागतो.

संग्राहकाची चिंता वेगळी. आतली दारू म्हातारी होते. तिच्यातलं नायट्रोसेल्युलोज विघटित होऊ लागलं की आम्ल सुटतं आणि पितळ आतून खाल्लं जातं. बाहेर हिरवा डाग दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. ओकच्या लाकडाचा सुंदर खणही घातकच, कारण त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाच्या गोळीवर पांढरी भुकटी धरते. कोरडी, थंड जागा हवी. आणि जिवंत काडतूस उघडून बघण्याचा मोह कोणीही धरू नये. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. कित्येक ठिकाणी एका काडतुसालाही परवाना लागतो. म्हणून अनेक जण दारू आणि प्रायमर दोन्ही निकामी केलेले नमुनेच ठेवतात, आणि अभ्यासाला त्यांनी काही अडत नाही. जुन्या रणभूमीवर सापडलेले तोफगोळे मात्र या छंदात बसतच नाहीत. ते फुटू शकतात. दिसले तर हात न लावता अधिकाऱ्यांना कळवायचं.

(बॅन्डोलियर, म्हणजे काडतुसांचा कापडी पट्टा, पाच कप्पे)

ब्रिटिश .३०३ चा हा पट्टा. प्रत्येक कप्प्यात पाच-पाच काडतुसांचे दोन चार्जर (काडतुसं एकत्र धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या), म्हणजे एकूण ५० काडतुसं. शिवण अजून शाबूत आहे. असा न उघडलेला पट्टा किंवा पुडा हाती आला, तर तो फोडायचा का? फोडला नाही तर हेडस्टॅम्प दिसत नाही. फोडला तर कारखान्यातून जसा निघाला तसा तो पुन्हा कधीच होत नाही. दोन असतील तर एक खुशाल उघडा. एकच असेल, तर वरचा छापील मजकूर नोंदवून घ्या आणि तो तसाच ठेवा.