लोकल सुरू होताना वाटलेली भीती

श्रोतेहो, कोरोनाच्या साथीतली टाळेबंदी उठवण्याची घाई आणि लोकांच्या मनातली भीती हा आजचा विषय. ही भीती म्हणजे निव्वळ भित्रेपणा होता, असे त्या काळात पुष्कळ जाणत्या माणसांनी म्हटले. ते मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

आपण सारे डोंबिवलीकर आहोत, त्यामुळे रोज सुमारे ८० लाख माणसे वाहून नेणारी लोकल २०२०च्या मार्चमध्ये थांबली म्हणजे काय झाले, हे इथे समजावून सांगायला नको. मी माझ्या घरापुरते सांगतो. माझी सून मुंबईत एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. ८ जून २०२० पासून खासगी कार्यालयांना १० टक्के कर्मचाऱ्यांना बोलावण्याची मुभा मिळाली आणि त्या दहा टक्क्यांत तिचे नाव आले. आठवड्याभरात लोकल सुरू झाली, पण ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. सून पहाटे उठून बसच्या रांगेत उभी राही. कल्याण-शिळ रस्त्यावरची कोंडी तेव्हाही सुटलेली नव्हती. रात्री घरी आल्यावर कपडे दाराशी ठेवलेल्या गरम पाण्याच्या बादलीत टाकून ती थेट न्हाणीघरात जाई आणि तोवर नात दाराआडून तिच्याशी बोले. मला मधुमेह आहे. “बाबा, तुम्ही आतल्या खोलीतच बसा,” हे तिचे घरात शिरतानाचे पहिले वाक्य असे. एकदा तिने मला विचारले, “लोकल सुरू व्हावी असे वाटते आणि होऊ नये असेही वाटते, हे बरोबर आहे का?” त्या प्रश्नाला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आजचे व्याख्यान हे माझे उशिरा दिलेले उत्तर आहे.

पुढे २१ ऑक्टोबरपासून सर्व महिलांना लोकल खुली झाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतरच. तिचे कार्यालय दहाला उघडे आणि साडेपाचला सुटे. म्हणजे सकाळी तीच खच्चून भरलेली बस आणि संध्याकाळी सात वाजण्याची वाट पाहत स्थानकाबाहेर जमलेल्या बायकांची गर्दी. लोकलमधली गर्दी कमी झाली खरी, पण माणसे तितकीच होती, ती बसमध्ये आणि स्थानकाच्या दाराशी साठली. लोकांना भीती वाटत होती ती या बिनहिशेबी उघडण्याची, आणि ती रास्त होती.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, म्हणून मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. आज झालेला संसर्ग आज दिसत नाही. लक्षणांना साधारण पाच दिवस लागतात आणि रुग्णालयात खाट लागण्याची वेळ त्यानंतर आठवड्याभराने येते. त्यामुळे एक दार उघडल्यावर दोन-तीन आठवडे आकडे पाहूनच दुसरे उघडायला हवे. १ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळांत लोकल सर्वांना खुली झाली आणि एप्रिलमध्ये पुन्हा बंद करावी लागली. दुसरी लाट लोकलमुळेच आली, असे मी म्हणणार नाही, कारण अमरावतीत फेब्रुवारीतच रुग्ण वाढले होते आणि तिथे लोकल धावत नाही. पण परत केव्हा बंद करणार, हे उघडतानाच सांगितले असते, तर लोकांचा विश्वास टिकला असता. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने जिल्ह्यांसाठी निर्बंधांचे पाच स्तर ठरवले, त्यांत ते प्रथमच नीट मांडले गेले. चाचण्यांतल्या बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आणि ऑक्सिजनच्या खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या, तरच पहिला, म्हणजे सर्वांत सैल निर्बंधांचा स्तर. तीन आठवड्यांच्या आतच सर्व जिल्हे किमान तिसऱ्या स्तरावर आणले गेले. डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकारामुळे ही सावधगिरी योग्यच होती, पण असा नवा प्रकार आल्यास निकष बदलतील, हे आधी जाहीर करायला हवे होते.

१५ ऑगस्टला लशीची दुसरी मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला. ज्येष्ठ म्हणून मला आणि पत्नीला लस आधीच मिळाली होती, त्यामुळे आम्हा घरी बसणाऱ्या दोघांना पास मिळाला. सुनेला कोविशील्डची पहिली मात्रा जूनमध्ये मिळाली होती आणि त्या लशीच्या दोन मात्रांमध्ये ८४ दिवसांचे अंतर ठेवणे भाग होते, म्हणून सप्टेंबर उलटेपर्यंत ती बसनेच जात राहिली.