पहिला ड्रमसेट: चार ड्रम पुरेत

पहिला ड्रमसेट घेताना ड्रम किती आहेत ते मोजत बसू नका, असं मी सुरुवातीलाच सांगतो. सारख्याच पैशात पाच ड्रमांचा मोठा सेट आणि चार ड्रमांचा लहान सेट मिळत असेल, तर लहान घ्या. त्या पाचव्या ड्रमचे पैसे कुठून तरी वाचवलेले असतात आणि बहुतेकदा ते पेडल, स्टँड आणि सिंबल (धातूच्या झांजा) यांमधूनच वाचवलेले असतात.

सुरुवातीचा बराच काळ तुमचं काम बेस ड्रम (पायाच्या पेडलने वाजणारा सर्वांत मोठा ड्रम), स्नेअर (खाली तारा लावलेला, कडक आवाजाचा ड्रम) आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) या तिघांवर चालणार आहे. रॉकमध्ये 22 इंची बेस ड्रम सर्रास दिसतो. जॅझवाले मात्र 18 इंची बेस ड्रम, 12 चा टॉम (तारा नसलेला ड्रम), 14 चा फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा राहणारा टॉम) आणि स्नेअर एवढ्यावर अख्खी मैफल वाजवतात. त्याहून लहान, 16 इंची बेस ड्रमही मिळतात. मात्र इतका लहान ड्रम उचलून धरणारा रायझर सोबत आहे ना, हे वाकून बघा. तो नसला तर पेडलचा बीटर (ड्रमवर आपटणारा गोळा) मधोमध न लागता वर, कडेजवळ आदळतो. आणि सेट लहान म्हणून आवाज कमी असेल, असं समजू नका. स्नेअर तेवढाच कडाडतो, तेव्हा कानात इअरप्लग हवेतच.

लाकडावर लोक तासन्‌तास बोलतात. स्वस्त सेट बहुधा पॉप्लरचे, महागडे मेपलचे किंवा बर्चचे. पण नवशिक्याच्या कानाला आधी फरक जाणवतो तो हेडचा (ड्रमवर ताणलेल्या पडद्याचा) आणि ट्यूनिंगचा. जुनं हेड काढा, शेलची (ड्रमच्या लाकडी नळकांड्याची) कड कोरड्या फडक्याने पुसा, नवं हेड ठेवून रिम (हेड दाबून धरणारं कडं) बसवा. रिम आवळणारे सगळे रॉड आधी नुसत्या बोटांनी फिरतील तेवढे फिरवा. मग ड्रम-की (रॉड फिरवायची किल्ली) घेऊन एका रॉडला अर्धा फेरा आणि पुढचा अर्धा फेरा त्याच्या बरोबर समोरच्याला. शेजारच्याला नाही, ओळीने आवळत गेलात की हेड एकाच बाजूला ओढलं जातं. शेवटी प्रत्येक रॉडजवळ, कडेपासून इंचभर आत, काठीने हलकेच टिचकी मारत फिरा. तबलजी गजऱ्यावर हातोडी ठोकत घरं मिळवतो, तसंच हे काम. सगळीकडे एकच सूर आला, की साधा पॉप्लरचा टॉमसुद्धा असा बोलतो की तुम्हाला आनंद होईल!

सिंबलच्या बाबतीत मात्र असं काही करता येत नाही. ते सुरात लावता येत नाही. जसं घेतलं तसंच वाजणार. सेटबरोबर फुकट येणारी सिंबल पुष्कळदा पितळेची असतात आणि त्यांचा आवाज पत्र्यासारखा येतो. म्हणून मी म्हणतो, ड्रमवर वाचवा आणि ते पैसे कांस्याच्या 14 इंची हाय-हॅटवर घाला. क्रॅश, राइड ही मोठी सिंबल मागाहून येऊ द्या. ‘शेल पॅक’ लिहिलेलं असेल तर त्यात सिंबल नसतातच, बहुधा पेडल आणि स्टूलही नसतं. तो खर्च आधीच धरा.

जुना सेट घ्यायलाही हरकत नाही. एखादं हेड काढायला लावा आणि शेल सपाट टेबलावर उपडं ठेवा. कड सगळीकडून टेकली पाहिजे. प्रत्येक रॉड फिरवून बघा, पेडल दाबून बघा. सिंबलच्या बाहेरच्या कडेवरून आणि मधल्या भोकाभोवती नख फिरवा. केसाएवढा तडा लागला तरी ते सिंबल घेऊ नका. वाजवाल तसा तो वाढत जातो.