बक्षीस मिळालं, पण घर कुणाला मिळालं?

नमस्कार मंडळी.

सँडी वादळाची आठवण न्यू जर्सीत कुणाला करून द्यायला नको. २९ ऑक्टोबर २०१२. होबोकनच्या रस्त्यांवर पाणी, वीज गेलेली, आणि माणसं फोन चार्ज करायला जागा शोधत हिंडत होती. त्याच होबोकनमधल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी या वादळाला उत्तर म्हणून एक घर बांधलं, 'शुअर हाऊस'.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००२ पासून भरवलेल्या सोलर डेकॅथलॉन स्पर्धेत तेव्हा नुसते आराखडे चालत नसत. खरंखुरं घर बांधावं लागे आणि दहा कसोट्यांवर ते उतरावं लागे. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनला या घराने पहिलं बक्षीस पटकावलं.

भिंतींना होड्या बांधताना वापरतात तसल्या फायबर कंपोझिटचं कवच. काचांपुढे घडीच्या झडपा: एरवी वर उचलल्या की सावली, वादळाचा इशारा आला की खाली ओढून बंद. मला सगळ्यात भावली ती वेगळीच गोष्ट. बाहेरची वीज गेली तरी छपरावरच्या सोलर पॅनलवर घराची थोडी वीज चालू राहते, आणि शेजाऱ्यांनाही आपले फोन तिथे येऊन चार्ज करता यावेत अशी सोय आहे. घर बांधताना शेजाऱ्याच्या अडचणीचा विचार आराखड्यातच करणारी ही मुलं!

पुढे ते घर जर्सी सिटीच्या लिबर्टी सायन्स सेंटरला गेलं. लोकांनी पाहावं म्हणून. ते चांगलंच झालं, पण त्यात कुणाचा संसार मांडला गेला नाही.

म्हणून मला त्याआधीचं, २०११ चं 'एम्पॉवरहाऊस' जास्त मोलाचं वाटतं. तेही स्टीव्हन्सचंच, न्यूयॉर्कच्या पार्सन्स आणि मिलानो या न्यू स्कूल विद्यापीठाच्या दोन शाखांबरोबर केलेलं. एकूण निकालात ते मागे राहिलं. परवडण्याच्या कसोटीत मात्र बेल्जियमच्या संघाबरोबर पहिलं आलं. भिंतींत जाड इन्सुलेशन भरून फटी इतक्या काटेकोर बुजवल्या, की हीटिंगचा खर्चच घटला आणि थोड्याच पॅनलवर भागलं. अंगणात पावसाचं पाणी मुरवणारी बाग केली. हे घर पुढे जिथे गेलं, त्या वॉशिंग्टनमधली अ‍ॅनाकोस्टिया नदी रस्त्यावरून वाहून येणाऱ्या घाणीनेही खराब झाली आहे, तेव्हा हे पाणी जिथल्या तिथे मुरणं त्या वस्तीसाठी फार गरजेचं. स्पर्धा संपल्यावर हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या मदतीने ते वॉशिंग्टनच्या डीनवूड भागात नेऊन दोन कुटुंबांचं घर केलं. बेताच्या उत्पन्नाची माणसं तिथे हक्काने राहायला गेली.

हे सगळं ऐकताना आपल्यातल्या कोकणातल्या मंडळींना ३ जून २०२० आठवलं असेल. निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडे पत्रे उडाले, कौलं फुटली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. आपण इथून पैसे पाठवले आणि बहुतेक ठिकाणी त्याच पद्धतीने तेच पत्रे पुन्हा ठोकले गेले.

मंडळातल्या आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे, पुढचा प्रोजेक्ट यावर करा. भारतातही २०२० मध्ये सोलर डेकॅथलॉन इंडिया ही स्पर्धा सुरू झाली. तिथल्या विद्यार्थ्यांशी जोडून घ्या. आणि ज्यांच्या गावच्या घराचं छप्पर निसर्गमध्ये गेलं, त्यांनी आज जेवणाच्या वेळी या मुलांना जवळ बसवून सांगा: पत्रा आधी कुठून सुटला, वासा टिकला का, पाणी कुठून शिरलं, वादळाच्या वेळी घरातली माणसं कुठल्या खोलीत थांबली.