आधी चार्जर काढ

मला आयोजकांनी सांगितलंय की गाण्याबद्दल बोलू नका, पहिली कॉन्सर्ट स्वतःची स्वतः कशी उभी केली ते सांगा. बरं.

तर पहिली चूक म्हणजे मला पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर हवं होतं. लहानपणापासून बाबांबरोबर तिथे जाऊन बसलेय म्हणून. इन्स्टावरचे फॉलोअर्स बघून हॉल बुक करायचा नसतो हो, कारण त्यातले निम्मे नागपूर-नाशिकचे आणि उरलेल्यांना त्याच दिवशी लग्न असतं. शेवटी ताईने कागद पुढे सरकवला, म्हणाली, नक्की येणाऱ्यांची नावं लिही. ४१ झाली. मग शनिवार पेठेत ९० खुर्च्यांचा छोटा हॉल घेतला. ९० मध्ये ६८ बसले की हॉल भरलेला वाटतो, तेच ६८ मोठ्या नाट्यगृहात बसले की प्रत्येकाच्या शेजारी पिशवीला पण खुर्ची.

हिशोब सांगते, लपवण्यासारखं काही नाही. हॉल ६ हजार, साउंड ९ हजार, तबला आणि बास मिळून ६, चहा-पोस्टर-रिक्षा २. एकूण २३. तिकीट २५० चं, ६८ गेली, म्हणजे १७ हजार. ६ हजार खिशातून. आणि पुण्यात तिकीट विकताना "पास आहेत का गं?" हे वाक्य इतक्या वेळा ऐकाल की विचारू नका, सख्ख्या मावशीने पण विचारलं! मी पहिल्या चौघांना दिले आणि मग बंद केले, तेही देऊ नका.

परवानग्यांचा बाऊ करू नका पण विसरू पण नका. स्वतःचीच गाणी असतील, हक्क तुमच्याकडेच असतील आणि तुम्ही आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचे, मेंबर नसाल तर तिकडून लायसन्सची गरज नाही. पण मध्येच एखादं सिनेमाचं गाणं घेतलंत की आयपीआरएसचा विषय येतो, आणि इंटरव्हलला रेकॉर्डेड गाणी लावलीत की त्याच्या रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे, ते लोक वेगळे. उघड्यावर, म्हणजे गच्चीवर किंवा वाड्याच्या चौकात करणार असाल तर लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ला बंद म्हणजे बंद. बाकी काय लागतं ते हॉलच्या ऑफिसात विचारा, त्यांना पाठ असतं.

आता साउंड. ९ हजार ऐकून आई म्हणाली होती, एवढे पैसे नुसत्या आवाजाला? हो, नुसत्या आवाजालाच. संध्याकाळी ५ ला साउंडचेक सुरू झाला, गिटार लावली आणि स्पीकरमधून घूंऽऽ. केबल बदलली, घूंऽऽ. डीआय बॉक्स, म्हणजे गिटार साउंडला जोडायची डबी, बदलला, परत घूंऽऽ. मला रडू यायला लागलं, साडेसहाला दार उघडायचं होतं. साउंडवाला दादा शांतपणे स्टेजवर आला, सगळ्या वायरी एकदा बघितल्या आणि म्हणाला, "मॅडम, आधी चार्जर काढा." माझ्या लॅपटॉपवर तानपुरा चालू होता, त्याचा चार्जर मागच्या भिंतीच्या सॉकेटला आणि साउंडची लाइन वेगळ्या सॉकेटवर. चार्जर काढला, गुणगुण गायब. तेव्हापासून मी लॅपटॉप घरूनच फुल चार्ज करून नेते.

त्यानेच अजून एक सांगितलं. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो म्हणून घाबरायचं नाही, माणसं बसली की तीच आवाज पितात. आणि मॉनिटर, म्हणजे स्टेजवर आपलाच आवाज आपल्याला ऐकवणारा स्पीकर, माइकच्या पाठीमागे, तुमच्याकडे तोंड करून ठेवायचा, बाजूला कुठेतरी ठेवला की शिट्टी वाजलीच म्हणून समजा.

वादकांची पाकिटं सकाळीच भरून ठेवा, रात्री तुमच्याकडे सुट्टे नसतात आणि डोकं पण नसतं. माझं नव्हतंच. साडेनऊला शिपाईकाकांनी दिवे घालवायला सुरुवात केली, आम्ही मोबाईलच्या उजेडात वायरी गुंडाळत होतो, त्या गडबडीत दादाची एक केबल माझ्या बॅगेत आली. अजून माझ्याकडेच आहे, द्यायचीय.