मोठं कुत्रं लवकर म्हातारं होतं

नमस्कार श्रोतेहो! कुत्र्याचं 1 वर्ष म्हणजे माणसाची 7, हा हिशेब घरोघरी चालतो. तो सोडून द्या. पहिल्याच वर्षात कुत्रं आपल्या 15 वर्षांच्या पोराएवढं होतं, दुसरं संपता संपता 24 चं. पुढचा वेग मात्र अंगापिंडावर ठरतो. मोठं कुत्रं लवकर म्हातारं होतं.

आमच्या शेजारी नागपूरच्या धरमपेठेत दोन सख्खे भाऊ वरखाली राहतात. एकाच दिवाळीत दोघांनी पिल्लं आणली. वर छोटीशी पॉमेरियन, चिनू. खाली धिप्पाड ग्रेट डेन, भीम. आठव्या वर्षीही दूधवाला फाटकात आला की चिनू धडाधड जिना उतरून भुंकायची. भीम आधी पुढचे पाय रोवायचा, मग मागचं धूड ओढत उठायचा. नखं शहाबादी फरशीवर खरखर घासायची. तोंड पांढरं पडलेलं. घरातले आबाजी रोज खेकसायचे, "दोघंही एकाच वयाचे, अन् हा पाहा कसा आळशी झाला बाप्पा!"

मी म्हटलं, "आबाजी, चिनू आता कुठे पन्नाशीला टेकली. भीम तुमच्या बरोबरीचा आहे." आबाजी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहते तर पाय घसरू नये म्हणून त्यांनी बैठकीपासून फाटकापर्यंत जुन्या सतरंज्या अंथरलेल्या, पाण्याचं भांडं भीमच्या कोपऱ्यात सरकवलेलं. खेकसणं बंद झालं ते झालंच.

असं का होतं? ग्रेट डेनचं अर्ध्या किलोचं पिल्लू वर्षभरात 50 किलोच्या घरात जातं. ही घाईची वाढच पुढे लवकर झिजवते, असं संशोधक मानतात. ग्रेट डेन साधारण 7 ते 10 वर्षं जगतो, पॉमेरियन 12 ते 16. पुन्हा सांगते, मोठं कुत्रं लवकर म्हातारं होतं.

 

तर ग्रेट डेनला सहाव्या, लॅब्राडॉरला आठव्या अन् पॉमेरियनला दहाव्या वर्षापासून म्हातारं समजा. दर 6 महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा; दात, सांधे, रक्त तपासून घ्या. आणि वजन वाढू देऊ नका. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरांवर जन्मभर प्रयोग झाला. पाव हिस्सा कमी खाणारे त्यांच्या जोडीच्या भावंडांपेक्षा जवळपास 2 वर्षं जास्त जगले. तेव्हा ताटातली उरलेली तूप-पोळी त्याच्यापुढे सरकवणं आजपासून बंद करा.